शंकासमाधानाची दहा मिनिटे

आपल्या पक्षाच्या कोणत्याही शिबिराचे वेळापत्रक हाती घ्यावे. सकाळी नऊ ते साडेदहा पहिले बौद्धिक, अकरा ते साडेबारा दुसरे, दुपारच्या जेवणानंतर तिसरे. आणि प्रत्येकाच्या शेपटाला, कंसात, 'शंकासमाधान : दहा मिनिटे'. वक्ते पुण्या-मुंबईहून आलेले असतात, त्यांची परतीची गाडी ठरलेली असते, आणि विषय तर 'समाजवाद : काल, आज आणि उद्या' एवढा ऐसपैस. साहजिकच ती दहा मिनिटे पाचांवर येतात. त्या पाचांतही एखादा जुना कार्यकर्ता उठून शंकेच्या नावाखाली स्वतःचे एक छोटे भाषण करून घेतो, अध्यक्ष घड्याळाकडे पाहतात, आणि मागच्या रांगेतील वीस-बावीस वर्षांची मुले जशी आली तशी उठून पंगतीकडे वळतात.

हा शब्दच मोठा बोलका आहे. शंका ही जणू एक पीडा, आणि समाधान हा तिच्यावरचा उतारा. ग्रहांची शांत करावी तशी शंकेची शांत करावयाची. ज्या चळवळीचा जन्मच शंकेतून झाला तिने हा शब्द इतक्या निर्धास्तपणे वापरावा, याचे नवल वाटते. नाशिकच्या तुरुंगात १९३२-३३ च्या सुमारास जयप्रकाश, अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, ना. ग. गोरे, एस. एम. जोशी, अर्थशास्त्रज्ञ दांतवाला ही मंडळी एकत्र आली ती उत्तरे घेऊन नव्हे. सत्याग्रहाची लाट ओसरली, आता पुढे काय? स्वराज्य आले तरी कुळाच्या आणि गिरणी कामगाराच्या पदरात काय पडणार? या प्रश्नांचा काथ्याकूट करीत त्यांनी दिवस काढले, आणि त्यातून १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. आपण त्यांची उत्तरे जपून ठेवली. त्यांची विचारण्याची रीत मात्र तुरुंगातच राहून गेली.

तरुण माणसाला उत्तर सांगावे, की ते त्याला सापडू द्यावे? सापडू द्यावे याचा अर्थ त्याला वाऱ्यावर सोडावे असा नव्हे. शिक्षकाने प्रश्नांची वाट आखावी, पाऊल विद्यार्थ्याने टाकावे, आणि ते चुकले तर चुकल्याचे त्याला स्वतःलाच दिसेल अशा जागी त्याला नेऊन उभे करावे. हे एक कसब आहे, आणि पक्षाच्या कामाला ते व्याख्यानापेक्षा अधिक उपयोगी आहे, असे माझे म्हणणे आहे. त्याला शैक्षणिक कारण आहे तसे राजकीय कारणही आहे. आज अठरा-वीस वर्षांच्या मुलाच्या मोबाईलवर दिवसभर तयार उत्तरे येऊन पडत असतात. देशाचे वाटोळे कोणी केले, शेतकऱ्याचा वैरी कोण, नोकऱ्या कोणी पळवल्या, सगळ्याचा निकाल तेथे सकाळच्या चहाआधी लागलेला असतो. उत्तरांचा हा घाऊक व्यापार ज्यांच्या हाती आहे त्यांच्यापाशी पैसा आहे, माणसे आहेत आणि चोवीस तास आहेत. आपली चार उत्तरे घेऊन आपण त्या बाजारात उतरलो, तर आपला गाळा कोपऱ्यातच राहणार. शिवाय ऐकून घेतलेले उत्तर पारावरच्या पहिल्या प्रतिप्रश्नाला कोलमडते. हा अनुभव प्रत्येक कार्यकर्त्याच्या गाठीला असेल.

नुसते तत्त्व सांगून भागणार नाही, म्हणून एका वर्गाची हकीकत देतो. आंबेगाव तालुका एका अंगाने भिजतो आणि दुसऱ्या अंगाने कोरडा राहतो. पश्चिमेस भीमाशंकरचा धुवांधार पाऊस आणि घोड नदीवरचे डिंभे धरण. पूर्वेस लोणी-धामणीचा माळ, जेथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणे कोणाला नवे नाही. ज्या आंबेगावावरून तालुक्याला नाव मिळाले ते मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेले, आणि त्या पाण्याचा पुरेसा वाटा आपल्यापर्यंत येत नाही ही पूर्वेकडील गावांची जुनी तक्रार आहे. या लोणीत काही तरुण-तरुणींबरोबर मी तीन संध्याकाळी अभ्यासवर्ग घेतला. पंधरा-सोळा जण होते. कोणी मंचरच्या महाविद्यालयात वाणिज्य शाखेला, कोणी बाहेरून परीक्षा देणारा, कोणी रांजणगावच्या कारखान्यात कंत्राटी कामाला जाऊन सुटीच्या दिवशी शेतात राबणारा, चार मुली. कार्यकर्त्यांनी विषय दिला होता 'शेतमालाचे भाव आणि भांडवलशाही'. विषय मी बदलला नाही. येताना प्रत्येकाने घरातली कांद्याची एक पट्टी आणावी, एवढेच आधी कळवले. पट्टी म्हणजे बाजार समितीत माल विकल्यावर आडतदार हाती ठेवतो तो हिशोबाचा कागद.

पहिला प्रश्न साधा होता. या कागदावरचा कोणता आकडा सर्वांत जास्त बोचतो? निम्म्या जणांनी भाव दाखवला. एकाने ठासून सांगितले, "हमाली. हमाल लुटतात, सर." त्याला मी मजुरांच्या हक्कांवर व्याख्यान देऊ शकलो असतो, १९६९ च्या माथाडी कायद्याची सगळी पूर्वपीठिका माझ्या जिभेवर होती. त्याऐवजी त्याच्याच पट्टीवरची हमाली, तोलाई आणि टेम्पोचे भाडे हे तीन आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहायला लावले आणि विचारले, यातला मोठा कोणता? भाडे पुष्कळच मोठे निघाले. "आणि पिशवी उचलणाऱ्याची पाठ किती वर्षे टिकते?" हा प्रश्न त्याला कोणी विचारावा लागला नाही. शेजारच्या मुलाचा चुलता मार्केटयार्डात हमाल होता. तो आपणहून बोलू लागला. माथाडी कायद्याविषयी त्यानंतर सांगितले तेव्हा ऐकायला कान होते.

मग आडत. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे, भाजीपाला आणि कांदा-बटाट्याची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरवले. ही माहिती मी सरळ सांगितली. हे आवर्जून नमूद करतो, कारण प्रश्नपद्धतीचे काही भाविक पुरस्कर्ते माहितीदेखील मुलांच्या तोंडून वदवून घेऊ पाहतात. निर्णय कोणत्या महिन्यात झाला, हे जगातला कोणताही सॉक्रेटिस प्रश्न विचारून कोणाकडून काढू शकणार नाही. माहिती सांगावी, तिचा अर्थ शोधू द्यावा.

"म्हणजे आमचे आडतीचे पैसे वाचले," वाणिज्य शाखेचा एक चुणचुणीत मुलगा म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

"फळ्यापाशी ये. आडत सोयीसाठी सहा टक्के धरू. व्यापाऱ्याला पुढच्या बाजाराचा अंदाज आहे. दहा किलोमागे शंभर रुपयांच्या वर त्याला परवडत नाही. जुन्या पद्धतीत तो बोली किती लावील?"

"शंभर."

"तुझ्या हाती?"

"चौऱ्याण्णव."

"आता आडत त्याने भरायची. बोली किती?"

"शंभरच की."

"त्याच्या खिशातून किती जातील?"

"एकशे सहा."

"त्याला परवडतात किती?"

येथे तो थांबला. मीही थांबलो. वर्गातली शांतता शिक्षकालाच आधी असह्य होते आणि तो घाईने स्वतःच बोलून टाकतो. निम्मे अध्यापन तेथे वाया जाते. अशा वेळी मनातल्या मनात सावकाश वीसपर्यंत आकडे मोजावेत. मी मोजीत असताना मागच्या बाजूने एक मुलगी म्हणाली, "मग तो शंभर बोलणारच नाही." ती पुढे आली नाही. वहीत आकडेमोड करून तिने उत्तर दिले, "चौऱ्याण्णव रुपये चौतीस पैसे. त्याच्यावर सहा टक्के धरले की बरोबर शंभर होतात." सहा रुपयांचा लाभ चौतीस पैशांवर आला.

वर्गात गलका झाला. हे पटवून घ्यायला कोणी तयार नव्हते, आणि तयार नसावे हेच चांगले. "व्यापारी एकटा नसतो, सर. चार जण बोली लावतात. कोणीतरी वर जाईलच." हरकत वाजवी होती. मी विचारले, आडत चौघांनाही भरायची आहे, की एकाला सूट आहे? चौघांनाही. मग चौघांचीही कमाल बोली कोठे येऊन थांबेल? पुन्हा शांतता. हिशोब कोणाला मोडता येईना, पण मनातून तो पटतही नव्हता. कारण मधला एक दुवा अजून हाती आला नव्हता. तो दुवा असा : भाव पडला तर सोसायचे कोणी, हे कशावर ठरते? मी प्रश्न फिरवला. "बोली पसंत नसली तर माल घरी परत कोण नेतो?"

"कोणीच नाही. भाडं दुप्पट लागतं."

"अजिबात कोणीच नाही?"

"ज्याची चाळ आहे तो नेईल. नाहीतर आणणारच नाही भाव येईपर्यंत."

"चाळीत कोणता कांदा टिकतो?"

"उन्हाळी. पावसाळ्यातला काढला की विकावाच लागतो, नाहीतर सडतो."

"उन्हाळी कांद्याला काय लागते?"

याचे उत्तर पंधरा तोंडांनी एकदम दिले, कारण लोणीत ते कोणाला शिकवावे लागत नाही. पाणी. फेब्रुवारी-मार्चमध्ये विहिरीला पाणी असेल त्याचा उन्हाळी कांदा, त्याची चाळ, त्याला थांबण्याची मुभा, म्हणून व्यापाऱ्यापुढे त्याच्या शब्दाला वजन. बाकीच्यांनी तळकट कागदावर लिहिलेला भाव घ्यावा आणि घरी यावे. आडतीपासून निघालेली मुले तासाभरात पाण्यापाशी येऊन पोचली. भांडवलशाही हा शब्द त्या संध्याकाळी एकदाही उच्चारला गेला नव्हता.

तो वाणिज्य शाखेचा मुलगा शेवटी म्हणाला, "हे आम्हाला आहे, सर. पुरवठा अलवचीक असेल तर करभार विक्रेत्यावर पडतो." हे वाक्य त्याने गाईडमधून पाठ करून परीक्षेत लिहिले होते आणि त्याला गुणही मिळाले होते. ते वाक्य म्हणजे यार्डात भर उन्हात उभा असलेला आपल्या बापाचा टेम्पो, हे त्याला आता कळले. अर्थशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यासक्रम मी अनेक वर्षे शिकवला. पुरवठ्याची लवचीकता इतक्या नेमकेपणाने समजलेला वर्ग मला क्वचित मिळाला.

येथवरचे ऐकून कोणी म्हणेल, हे सारे तुम्ही आधी ठरवूनच आला होता. वाट तुमची, मुक्कामही तुमचा. आक्षेप खरा आहे, आणि तो फार जुना आहे. प्लेटोच्या 'मेनो' या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम मुलाला भूमिती शिकवतो. दोन फूट बाजूच्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस काढावयाचा आहे. मुलगा म्हणतो, बाजू दुप्पट करू. चौरस दुपटीऐवजी चौपट होतो. मग म्हणतो, तीन फूट. आठाऐवजी नऊ येतात. अखेर कर्णावर चौरस उभारावा हे त्याच्या ध्यानात येते. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांतून या प्रसंगाची पारायणे होतात. परंतु तो संवाद पुन्हा वाचून पाहावा : मुलाच्या वाट्याला आलेली बहुतेक वाक्ये 'होय' किंवा त्याच अर्थाची आहेत. आणि धडा संपल्यावर? कर्ण सापडला, तरी मुलगा मेनोचा गुलाम तो गुलामच राहिला. त्याला काय जाणून घ्यावयाचे आहे हे त्या अंगणात कोणी विचारले नाही.

आपल्याकडे याच्या उलट एक नमुना आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली ती संवादरूपाने. तेथे प्रश्न धोंडिबा विचारतो आणि उत्तर जोतीराव देतात. धोंडिबा होयबा नाही. तो अडतो, उलट विचारतो, जोतीरावांना अधिक खुलासा करावा लागतो. विचारण्याचा अधिकार शिष्याकडे आहे, ही गोष्ट मला मोठी वाटते. जुन्नर-आंबेगावच्या मुलखाला तर ही परंपरा परकी नाही. १८८४ साली ओतूरचे बाळाजी कुसाजी पाटील यांनी सत्यशोधक पद्धतीने, ब्राह्मण पुरोहितावाचून घरचे विवाह लावले. गावच्या जोशांनी आपला हक्क बुडाला म्हणून दावा लावला आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. त्या सगळ्या खटल्याच्या मुळाशी एका शेतकऱ्याला पडलेला प्रश्न होता : ज्याने विधी केलाच नाही त्याला दक्षिणा कशाची? हा प्रश्न एकदा गावात मोठ्याने विचारला गेल्यावर तो परत घेता येत नाही.

म्हणून प्रश्नपद्धतीची खरी परीक्षा शिक्षकाच्या प्रश्नांवर नाही. शिक्षकाची वाट संपल्यावर मुले काय विचारतात, यावर आहे. लोणीत दुसऱ्या संध्याकाळी तसे घडले. आदल्या दिवशीचा निष्कर्ष घरी नेऊन मुलांनी वडिलांना ऐकवला होता, आणि वडिलांनी त्याला टाचणी लावली होती. "चाळ असून तरी काय, सर? आमची चाळ होती. २०२३ चा उन्हाळी कांदा भरून ठेवला. ऑगस्टमध्ये निर्यातीवर चाळीस टक्के शुल्क लावलं." पुढचा क्रम सर्वांना पाठ होता : डिसेंबरमध्ये निर्यातबंदीच, निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण शुल्क आणि किमान निर्यात मूल्य मानगुटीवर राहिले, शुल्क संपूर्ण जाण्यास १ एप्रिल २०२५ उजाडावा लागला. थांबण्याची ताकद ज्याने पैसे घालून उभी केली त्याचेही थांबणे दिल्लीने एका अधिसूचनेने निकामी केले. दुसऱ्या एकाने याहून अवघड शंका काढली : "सगळ्यांनीच चाळी बांधल्या तर सगळ्यांचाच कांदा ऑक्टोबरात येईल. मग?"

आणि मग रांजणगावला कामाला जाणारा मुलगा बोलला. तो दोन दिवस गप्प होता. "कांदा महागला की आमच्या मेसमध्ये ताटातला कांदा बंद होतो. तिथली पोरंही शेतकऱ्यांचीच आहेत. त्यांचा पगार कोण वाढवतो?"

साथींनो, येथे आपल्या चळवळीची एक जुनी जखम उघडी पडते. १९८० च्या आगेमागे चाकणच्या कांद्यावरून शेतकरी रस्त्यावर आला तेव्हा शरद जोशी यांच्यापाशी एक उत्तर होते : रास्त भाव द्या, बाकीचे आपोआप होईल. आपल्यापैकी पुष्कळांपाशी दुसरे उत्तर होते : भाववाढ बागायतदाराच्या घरात जाते, मजुराला आणि शहरातल्या गरिबाला अन्न महाग पडते. दोन्ही उत्तरांत तथ्य होते. दोन्ही बाजूंनी ती सभांतून एकमेकांवर फेकली. पुणे जिल्ह्यातला एकच तरुण सकाळी कांदा उपटतो आणि संध्याकाळच्या पाळीला कारखान्यात जातो, त्याने या दोन उत्तरांचे काय करावे हे कोणी त्याला विचारले नाही. तो तरुण नंतर आपल्याकडे फिरकला नाही, तसा त्यांच्याकडेही फार काळ टिकला नाही.

लोणीच्या वर्गात या प्रश्नाचा निकाल लागला नाही. तासभर वाद झाला. सरकारने ठरलेल्या भावाने कांदा घेऊन रेशनवर द्यावा, असे एकाने सुचवले. पैसे कोठून आणणार आणि सडका माल कोणाच्या माथी, असे दुसऱ्याने विचारले. निर्यात शुल्कातून आलेला पैसा कोठे गेला, हे तिसऱ्याने. माझ्यापाशी या प्रश्नांवर मते आहेत. अर्थशास्त्रज्ञाला ती फुकट मिळतात. पण त्या तासात ती सांगितली नाहीत. मुले एकमेकांकडे तोंड करून बोलू लागली होती, आणि मला त्यांच्या वाटेत यावयाचे नव्हते.

याला फार वेळ लागतो, हा कार्यकर्त्यांचा पहिला आक्षेप असतो. लागतो. तीन संध्याकाळी मिळून जे झाले ते मी पाऊण तासाच्या व्याख्यानात बसवले असते, वर दोन विनोदही सांगितले असते. आठवड्यानंतर त्यातले विनोद तेवढे उरले असते. दुसरा आक्षेप असा की, असे वर्ग घेणारी माणसे आणावी कोठून. हा अधिक खरा. प्रश्न विचारणे कोणाला जन्मतः येत नाही, आणि आपल्या महाविद्यालयांतून तर ते येण्याची सोयच उरलेली नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चिकित्सक विचारशक्तीचा पुष्कळ गौरव आहे. त्याच वेळी महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत आणि तेथे तासिका तत्त्वावर माणसे राबवून घेतली जातात. ज्याला तासावर पैसे मिळतात, पुढल्या वर्षी नेमणूक होईल की नाही याची ज्याला खात्री नाही, आणि नव्वद मुलांच्या वर्गात ज्याला ठरलेल्या मुदतीत अभ्यासक्रम संपवावयाचा आहे, तो माणूस 'मला ठाऊक नाही, आपण शोधू' असे कोणत्या बळावर म्हणणार? त्याला गाईडच वाचून दाखवावे लागते. प्रश्न विचारू देणारा वर्ग हा शिक्षकाच्या पोटापाण्याच्या सुरक्षिततेवर उभा असतो. ही गोष्ट शिक्षणविषयक चर्चासत्रांत फारशी निघत नाही. कारण तेथील वक्त्यांच्या नेमणुका कायम असतात. पावलो फ्रेअरी या ब्राझीलच्या शिक्षणतज्ज्ञाने विद्यार्थ्याच्या डोक्यात बँकेसारख्या ठेवी ठेवणाऱ्या शिक्षणावर कडाडून टीका केली. त्याच्यावर दीड तासाचे एक बौद्धिक मी ऐकले आहे. वेळेअभावी शंकासमाधान झाले नाही.

तिसऱ्या संध्याकाळी मुलांनी पाण्याचा विषय पुन्हा काढला. लोणी-धामणी पट्ट्यासाठी उपसा सिंचन योजनेची मागणी सतत होत आली आहे. ती झाली तर कोणाचे किती क्षेत्र भिजेल, याचा हिशोब उत्साहाने चालला होता. पहिल्या दिवशी चौतीस पैशांचा हिशोब करणारी मुलगी वही मिटून बसली होती. काय झाले, असे मी विचारले. ती म्हणाली, "आमच्याकडे जमीन नाही. पाणी आलं तर आमच्या घरात काय येणार?"

"तुम्हाला मजुरी मिळेल की," एक मुलगा म्हणाला.

"मजुरी आजही मिळते."

वर्गात कोणी हलले नाही. या प्रश्नाकडे नेणारी कोणतीही वाट मी आखली नव्हती. ती तिने एकटीने, वहीवर, दोन रात्रींत आखली होती. पुन्हा माहिती देण्याची वेळ आली होती, आणि मी ती दिली. याच पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे, १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. तेथे पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या संख्येवर दिले : माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, एका कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकरांचे. उसाला बंदी. आणि भूमिहीनालाही पाण्याचा हक्क; पाण्यावर त्याचा हक्क जमीनमालकाइतकाच. मी एवढेच सांगून थांबलो.

त्यानंतरचे प्रश्न मुलांचे होते आणि ते बोचरे होते. उसाला बंदी म्हटल्यावर ज्यांच्या विहिरी आहेत ते सही करतील का? जमीन नसलेल्याने आपल्या वाट्याचे पाणी विकले तर चालेल का, आणि विकले तर ते शेवटी कोणाकडे जाईल? ज्यांची गावे धरणात गेली त्यांना माणशी किती मिळाले? धरणग्रस्तांविषयीचा हा शेवटचा प्रश्न पूर्वेकडच्या गावात, तोही पाणी मागणाऱ्याच्या तोंडून, मी प्रथमच ऐकला.

आता त्यांनी एक वही घातली आहे. घर, घरातली माणसे, जमीन किती, विहीर आहे की नाही, तिला कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असते, चाळ आहे काय, कोण बाहेरगावी कामाला जाते, असे रकाने आखून ती मुले सुटीच्या दिवशी दारोदार जातात. काही दारांतून त्यांना हाकलूनही दिले गेले. जमिनीचा आकडा सांगायला लोक कचरतात, चाळीचा सांगायला त्याहून अधिक. सत्तरीच्या दशकात बाबा आढाव आणि त्यांचे सहकारी 'एक गाव एक पाणवठा' म्हणत गावोगाव फिरले तेव्हा त्यांच्याही हाती मुख्यतः एक प्रश्नच होता : गावच्या विहिरीवर कोण पाणी भरते आणि कोण भरू शकत नाही? त्या प्रश्नाला उत्तर देताना गावकऱ्यांची मान खाली जात असे, हे त्या पिढीच्या कार्यकर्त्यांना आठवत असेल.

उपसा सिंचनाच्या मागणीचे निवेदन तयार करण्याचे तालुक्यातील आपल्या साथींनी ठरवले आहे. मसुदा अजून व्हावयाचा आहे. त्यात 'लाभक्षेत्रातील शेतकरी' असा शब्दप्रयोग येणार, तो नेहमीच येतो, आणि त्या मुलीचे घर त्या शब्दात बसत नाही. मसुदा लिहिण्यापूर्वी साथींनी एक संध्याकाळ लोणीस जाऊन ती वही उघडून पाहावी. मुलांना एक विचारावे आणि त्यांनी चार विचारले तर ऐकून घ्यावेत. शक्यतो वक्ता बरोबर नेऊ नये.